हाल्वारच्या सात रिकाम्या मात्रा

चर्चच्या पार्किंगची वीज मी मुद्दाम बंद केली होती. फ्यूज उडाला, थंडीने वायर तडकली, असं जे गावभर झालं ते सगळं मीच पसरवलेलं. आता एव्हर्ट राहिला नाही, तेव्हा खरं सांगून टाकायला हरकत नाही. बाहेर उणे सव्वीस होतं, एक्क्याण्णव वर्षांचा म्हातारा गाडीत बसला होता, आणि मी, या चर्चची देखभाल करणारी गुनब्रिट, फ्यूजच्या कपाटाची किल्ली खिशात टाकून आत गाणं म्हणायला उभी राहिले. मला बोल लावायचा तर खुशाल लावा. पण आधी हाल्वारचं ऐका, कारण हे सगळं मी त्याच्यापायी केलं.

हाल्वार स्टेनमो म्हणजे आमच्या टाल्सेले गावचा ऑर्गन वाजवणारा. बाहेरच्या जगात त्याला मोठा रचनाकार म्हणतात. त्याच्या रचना जर्मनीत वाजतात, जपानमध्ये वाजतात, रेडिओवर त्याचं नाव घेताना निवेदकाचा आवाज एकदम मऊ होतो. इथे मात्र तो बर्फ साफ करायचं फावडं घेऊन माझ्याशी भांडतो. पायऱ्या कुणी साफ करायच्या यावरून आमचं वीस वर्षं चाललंय.

त्याचा बाप एव्हर्ट दुधाची लॉरी चालवायचा. नदीच्या दोन्ही काठांवरच्या वाड्यांवरून दूध गोळा करायचं आणि डेअरीत पोचवायचं. हाल्वार रोज सकाळी लॉरीतूनच शाळेत जायचा, लॉरीतच वाढला म्हणा ना. एव्हर्टच्या मनात एकच होतं, पुढे लॉरी पोरगा चालवील. पोरगा पडला भलत्याच नादाचा. प्रार्थनाघरातल्या मोडक्या पेटीवर बसायचा तो उठायचाच नाही. एकोणिसाव्या वर्षी स्टॉकहोमच्या संगीत महाविद्यालयात जागा मिळाली तेव्हा त्याने जेवणाच्या टेबलावर सांगितलं, "मी जातोय." त्याची आई डाग्नी रडली. एव्हर्ट बटाटे सोलत होता, सोलत राहिला. ना हो, ना नाही.

पुढचं त्यानेच मला सांगितलेलं आहे. स्टॉकहोममध्ये हाल्वारच्या बोलण्याला पोरं हसायची. आमच्याकडे 'हो' असं तोंड उघडून कुणी म्हणत नाही. गरम कॉफीचा पहिला घोट ओढताना होतो तसा हवा आत ओढल्याचा आवाज काढतो आम्ही, की झालं, हो म्हटलं. तिकडे शिक्षकाने काही विचारलं आणि हाल्वारने हवा ओढली, की वर्ग फिदीफिदी. मग पोराने ते सोडलं. बारा वर्षांनी परत आला तो शहरासारखं, श्वास बाहेर टाकत 'या, या' असं तिकडचं 'हो' म्हणत. मी म्हटलं, "अरे, दारात कुत्रं हाकलतोयस का हो म्हणतोयस?" तो हसला, पण मोडलेली सवय काही परत लागली नाही.

पण माणूस बघा कसा! आमचं गायनमंडळ चौदा जणांचं, त्यातले नऊ पेन्शनीत. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. हाल्वारने आल्या आल्या एकेकाला बोलावलं आणि कुणाचा कुठला स्वर चांगला लागतो ते वहीत टिपून घेतलं. एगॉन, आमचा एकुलता एक वरच्या पट्टीतला पुरुष, करवतीच्या कारखान्यात आयुष्य गेलेला. त्याला चारच स्वर येतात, पाचवा लावला की गाय हंबरते. हाल्वारने एगॉनसाठी चार स्वरांत लिहायला सुरुवात केली. तीस वर्षं त्या चार स्वरांत लिहितोय, आणि दर वेळी वेगळं! तिकडे समीक्षक लिहितात की स्टेनमोच्या संगीतात विलक्षण संयम आहे. एगॉनला ते वाचून दाखवलं तर म्हणाला, "संयम कसला डोंबलाचा, मला तेवढंच येतं." माझं म्हणाल तर माझा श्वास पुरत नाही, सिगारेटी ओढल्यात तरुणपणी. माझ्या ओळींत तो अशा जागा ठेवतो की मी श्वास घेतलेला कुणाला कळू नये. या गोष्टीबद्दल मी त्याचे आभार मानलेले नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही. पण मला ते माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे.

आता एव्हर्टकडे येते. हाल्वारचा कार्यक्रम असला की एव्हर्ट डाग्नीला गाडीने चर्चला आणायचा. ती आत यायची. तो यायचा नाही. पार्किंगमध्ये तिसऱ्या खांबापाशी गाडी लावायची, इंजिन गोठू नये आणि आतला गरम हवेचा पंखा चालावा म्हणून खांबावरच्या प्लगात वायर घालायची, थर्मासमधली कॉफी ओतायची, तिच्यात आमच्याकडे टाकतात तसे चीजचे तुकडे टाकायचे आणि बसायचं. दीड तास, दोन तास. डाग्नी गेली तेव्हा आम्हाला वाटलं, आता कशाला येतोय. तरी आला! एकटाच. तिसरा खांब, वायर, कॉफी. तीस वर्षं हा माणूस पोराच्या प्रत्येक कार्यक्रमाला आला आणि एकदाही आत आला नाही. गावात सगळ्यांना ठाऊक, पण विचारील कोण? टाल्सेलेत असलं कुणी कुणाला विचारत नाही.

मी विचारलं. मला राहवत नाही. आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना अरे-तुरेच करतात, तेव्हा त्याच्या काचेवर टकटक करून म्हटलं, "एव्हर्ट, आत ये की रे. तुझा पोरगा काय खातोय का तुला?"

"इथे बरं आहे," तो म्हणाला आणि काच वर केली.

सात-आठ वर्षांपूर्वी हाल्वारने बापाच्या लॉरीवर एक रचना केली. चार तंतुवाद्यांसाठी, नाव 'दुधाचा रस्ता'. लॉरी सत्तावीस वाड्यांवर थांबायची म्हणून वाद्यं सत्तावीस वेळा थांबतात. ऐकायला लागलं की डोळ्यांपुढे वळणं येतात, खड्डे येतात. ओस्करसनच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा आहे त्यात. पहिल्यांदा वाजली आमच्याच चर्चमध्ये. दुसऱ्या दिवशी दुकानात दह्याच्या कपाटापाशी एव्हर्ट भेटला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "अठ्ठावीस."

"काय अठ्ठावीस?"

"लिंडमोचं घर राहिलं." आणि दही घेऊन गेला.

मला इतका राग आला! पोराने जीव ओतून बापावर लिहिलं आणि याने काय केलं, तर चूक काढली. रागारागात मी हाल्वारला जाऊन सांगितलं. तो मात्र चिडला नाही. त्याने ऑर्गनचं झाकण लावलं. म्हणाला, "लिंडमोच्या म्हातारीकडे गाय नव्हती."

खरंच नव्हती. नदीच्या टोकाला एकटी राहायची बिचारी. दूध नाही, काही नाही, तरी एव्हर्ट रोज तिथे लॉरी थांबवायचा. हाल्वारला त्याआधीच शाळेपाशी उतरवलेलं असायचं, म्हणून त्याने ते कधी पाहिलं नव्हतं. एव्हर्ट तिच्या स्वयंपाकघराचं दार किलकिलं करून विचारायचा, "कोणी आहे का घरात?" आतून म्हातारीने हवा आत ओढल्याचा आवाज आला, की ती जिवंत आहे. मग दार लावून पुढे. गावच्या जुन्या माणसांकडून हाल्वारला हे कळलं.

हाल्वारने बापाकडे जाऊन एवढंच विचारलं, की तिला उत्तर द्यायला किती वेळ लागायचा. एव्हर्टने टेबलावर बोट आपटलं. सात वेळा. म्हातारी होती, कॉटवरून मान वळवायलाच वेळ जायचा तिला. त्या सात ठोक्यांतून नवी रचना निघाली. तिचे शब्द इतकेच: कोणी आहे का घरात? चौदा आवाज ते चार वेळा विचारतात, दर वेळी वेगळ्या अंगाने. दाराबाहेरून विचारल्यासारखं, मग काळजीने, मग भीत भीत. चौथ्यांदा विचारलं की सात मात्रा पूर्ण शांतता. मग अगदी हलका एक शेवटचा स्वर, आणि संपलं.

ही रचना स्टॉकहोमच्या एका मोठ्या गायकवृंदाने मागवली होती. त्यांच्या संचालकाला या शांततेचा भारी जाच झाला. त्याने पत्र धाडलं: सात मात्रा फार होतात, लोकांना वाटेल संपलं, टाळ्या वाजवतील, दोन करा. हाल्वारने उत्तर दिलं, आधी आमच्याकडे येऊन ऐका, मग बोलू. तो गृहस्थ जानेवारीत यायचा ठरला.

त्या आठवड्यात हाल्वार सॅक्रिस्टीत, म्हणजे आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत, नोटेशनचे कागद लावत होता. एव्हर्टच्या हृदयाबद्दल डॉक्टरांनी नुकतंच सांगितलेलं, पुढचा हिवाळा बघेल असं वाटत नाही. मी झाडत होते. हाल्वार अचानक म्हणाला, "गुनब्रिट, या वेळी त्याने आत यावं असं वाटतं. एकदाच. नाही आवडलं तरी चालेल."

एकसष्ट वर्षांचा माणूस! पण चेहरा पाहिला तर जेवणाच्या टेबलावर 'मी जातोय' म्हणणाऱ्या पोराचा. आपण होऊन बापाला विचारायचा नाही, आणि बाप आपण होऊन यायचा नाही. दोघं एकाच लाकडाचे. तेव्हाच मी ठरवलं, विजेचं.

माझा हिशेब सोपा होता. कार्यक्रम दुपारी चारचा, त्या वेळी इथे अंधारच असतो. खांबाची वीज बंद केली की गाडीतला पंखा बंद. दहा मिनिटांत म्हाताऱ्याची बोटं गारठतील. मग एक तर तो आत येईल, नाहीतर इंजिन चालू करून घरी जाईल. काहीही झालं तरी तो आत येणार की नाही ते एकदाचं कळेल.

साठेक माणसं आली होती. स्टॉकहोमचा संचालक पहिल्या बाकावर, गळ्यात रेशमी रुमाल, पायात पातळ बूट. तो पाय सारखे एकमेकांवर घासत होता. मी सॅक्रिस्टीची खिडकी नेहमीसारखी हातभर उघडली, कारण तिथली शेगडी फार तापते आणि एगॉनला घेरी येते. मग फ्यूज काढला आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

आधी दोन जुनी भजनं झाली, मग ऑर्गनवर एक लांबलचक तुकडा. मी कान दाराकडे लावून होते. दार काही वाजेना. इंजिनाचाही आवाज नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पंचवीस झाली. अगं बाई, हे काय करून बसलीस! शहाणा असता तर त्याने इंजिन तरी चालू केलं असतं. तो चालू करत नाही, म्हणजे त्याला काही झालं. मागच्या वर्षी म्हाताऱ्या बेरिटला अशाच थंडीत अंगणात पडलेलं पाहिलं होतं मी, तिच्या पापण्यांवर बर्फ होता. मी रांग सोडून धावत सुटायला हवं होतं. पण तेवढ्यात हाल्वारने हात वर केले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या रचनेची सुरुवात माझ्या आवाजाने होते. मी गायले. देवाशपथ सांगते, 'कोणी आहे का घरात' हे शब्द मी आयुष्यात इतके खरे म्हटले नव्हते.

दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज फाटला, हाल्वारने भुवई वर केली. मनात मी ठरवलं, ही सात मात्रांची शांतता आली की पळायचं. गेली रचना खड्ड्यात, गेलं स्टॉकहोम.

चौथ्यांदा विचारायला लागलो आणि मागचं दार उघडलं. थंडीचा पांढरा लोट आत आला आणि त्यात एव्हर्ट. टोपी हातात, भुवयांवर दव गोठलेलं, नाक लाल. तो दाराला धरून उभा राहिला. आम्ही प्रश्न संपवला आणि गप्प झालो.

हाल्वारची पाठ दाराकडे होती. त्याला काही दिसलं नव्हतं. तो बोटाने मोजत होता. एक, दोन. संचालकाने मान वाकडी केली. चार, पाच. मला एव्हर्ट दिसत होता, त्याचे ओठ मोजत होते. सहा. सातव्या मात्रेला दारातून आवाज आला, हवा आत ओढल्याचा. लांब, खरखरीत. लिंडमोच्या म्हातारीने दिला असता तसा.

आणि मग जे झालं ते फक्त टाल्सेलेतच होऊ शकतं. एकाने हो म्हटलं की सवयीने बाकीचेही म्हणतात आमच्याकडे. साठ माणसांनी, काही कळायच्या आत, हवा आत ओढली. चर्चभर वारा सुटल्यासारखं झालं. एगॉनने ओढली. मीही ओढली.

हाल्वार वळला नाही. त्याने तो पहिला आवाज ओळखला होता. हात तसेच हवेत. शेवटचा स्वर आम्ही गायलोच नाही, कारण त्याने तो मागितलाच नाही. हात हळूच खाली आले आणि तो तसाच उभा राहिला. मी तर सरळ रडत होते, लपवू कशाला.

नंतर चर्चच्या कॉफीला संचालक हाल्वारचा हात सोडेना. "लोकांची इतकी तयारी कशी करून घेतलीत? किती तालमी झाल्या?" असं विचारत होता. हाल्वार गंभीरपणे म्हणाला, "तीन-चारशे वर्षं." मग काय, सात मात्रा सातच राहिल्या. छापलेल्या प्रतीत त्या जागी आता बारीक अक्षरात लिहिलंय: उत्तर आलं तर येऊ द्यावं. ऐकलंय की तिकडच्या गायकांना हवा आत ओढायला शिकवावी लागली आणि दोघांना उचकी लागली.

मी एव्हर्टला शेगडीजवळ बसवलं, खांद्यांवर माझा कोट टाकला, मलई भरलेला गोड पाव हातात दिला आणि काय केलं ते सांगून टाकलं.

"उगाच केलंस," तो म्हणाला. "गाडीत ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"तुझी ती खिडकी उघडी असते ना. मी काच खाली करतो."

तिसरा खांब सॅक्रिस्टीच्या खिडकीसमोर आहे. तीस वर्षं! आणि इंजिन चालू केलं नाही, कारण त्या घरघरीत पोराचं गाणं ऐकू आलं नसतं. अठ्ठावीसही मला तेव्हा उमगलं. सत्तावीस थांबे मोजायला शेवटपर्यंत कान देऊन ऐकावं लागतं. आणि मी त्याला चुका काढणारा समजत होते. मूर्ख बाई.

"मग आत बसून का नाही ऐकलंस रे एवढी वर्षं?"

त्याने पावावरची मलई बोटाने चाटली. "आत नाक शिंकरता येत नाही सारखं सारखं. लोक बघतात."

हाल्वार माझ्या मागे कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. एव्हर्टने वर पाहिलं. मला वाटलं, आता तरी काही बोलेल, चांगलं झालं म्हणेल.

"सात बरोबर होते," एव्हर्ट म्हणाला.

हाल्वारने मान हलवली आणि बापाच्या कपात कॉफी ओतली.

त्यानंतर उन्हाळाभर एव्हर्ट आत बसला. शेवटच्या बाकावर, दाराजवळ, चार मोठे रुमाल घेऊन, आणि खुशाल तुतारीसारखं नाक शिंकरायचा. ऑक्टोबरात तो झोपेतच गेला.

अंत्यविधीला हाल्वारने ती रचना ठेवली. आम्हाला कुणाला विचारलं नाही, नोटेशन फक्त खुर्च्यांवर ठेवलेलं होतं. चर्च गच्च भरलेलं. शवपेटी समोर, तिच्यावर पिवळी बर्चची पानं. मी सुरुवात केली, या वेळी आवाज फाटू दिला नाही. एकदा विचारलं, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा विचारून थांबलो.

सात मात्रांमध्ये कुणीही हवा आत ओढली नाही. दीडशे माणसं, सगळी इथली, प्रश्न आला की उत्तर द्यायची जन्माची सवय. पण सगळ्यांनी श्वास धरून ठेवला. ती जागा त्याची होती. मी मोजत होते. पाच. सहा.

सातव्या मात्रेला हाल्वारने हवा आत ओढली. लांब, खरखरीत, अगदी बापासारखी. स्टॉकहोममध्ये ती सवय मोडल्यापासून त्याने तसं कधी केलं नव्हतं.

मग त्याने हात उचलून शेवटचा स्वर मागितला आणि आम्ही तो गायलो.